रंग सगळ्यात शेवटी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तू घेतलेली जुनी मोटरसायकल देखणी आहे आणि अजून एकसंध उभी आहे, ही मोठी जमेची बाजू. रंग, क्रोम आणि सीट कव्हरची जी यादी केली आहेस, ती मात्र सध्या घडी घालून ठेवून दे. हात आखडता असताना घेतलेल्या जुन्या गाड्या अर्धवट पडतात त्या बहुधा यापायीच. आधी टाकी चकचकीत होते, मग क्रँकचं (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याचं) काम निघतं आणि तोवर खिसा रिकामा झालेला असतो. शिवाय इंजिन चार वेळा चढवता-उतरवताना नव्या रंगावर ओरखडे येतात ते वेगळेच.

पहिलं काम कागदांचं. इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवर ठोकलेले असतात. ते घासून स्वच्छ कर आणि नोंदणीच्या कागदाशी आकडा न् आकडा ताडून बघ. मागच्या मालकांपैकी कुणी इंजिनचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, बदललं असेल, तर ते आत्ताच कळायला हवं. हे जुळल्याशिवाय एकही सुटा भाग घेऊ नकोस.

सगळी गाडी एकदम सोडायचा मोहही आवर. एका वेळी एकच काम: इंजिन, मग ब्रेक आणि चाकं, मग वायरिंग. सोडलेला बोल्ट ज्या भोकातून निघाला त्यातच दोन आटे फिरवून परत लावून ठेव. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावण्यापेक्षा हे बरं, कारण चिठ्ठीची शाई तेलात पुसली जाते.

केसिंगचे चौफुली खाचेचे स्क्रू निघत नाहीत, डोकी गोल होताहेत, असं लिहिलं आहेस. गाडी जपानी बनावटीची आहे, म्हणून हे होतंय. त्या स्क्रूंची खाच जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाच्या मापाची असते. दिसायला फिलिप्ससारखीच, पण फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही आणि जोर लावला की वर सरकतं. जेआयएसचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढी दोन हत्यारं नवी घे. बाकीचे पाने जुने चालतील. तरीही स्क्रू हटला नाही, तर आजूबाजूचं केसिंग हीट गनने तापव. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे आट्यांची पकड ढिली होते. (कधी इंग्लंडची जुनी गाडी हाती आली, तर तिथे निराळीच गंमत. तिथल्या जुन्या व्हिटवर्थ मापाच्या पान्यावरचा आकडा नटाच्या डोक्याचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो.)

आता इंजिन. किक जाम आहे म्हणून तिच्यावर उभं राहून जोर लावतोय, हे वाचून मी कपाळाला हात लावला. ते आधी बंद कर. किकचा शाफ्ट किंवा आतले दाते तुटले, तर जे काम थोड्या तेलात होणार होतं त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागेल. स्पार्क प्लग काढ, त्या भोकातून गंज सोडवणारं तेल ओत. ते नसेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफही चालतं. मग आठवडाभर गाडीकडे बघू नकोस. नंतर टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानेच थोडं पुढे, थोडं मागे कर. घाई नको, दणके तर मुळीच नकोत. नखभर हललं की काम झालं म्हणून समज. पुन्हा तेल ओतायचं आणि पुन्हा हलवायचं. नाहीच सुटलं, तर हेड (इंजिनचं वरचं झाकण) आणि बॅरल (पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर) उतरवावं लागेल. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत ढिले कर. एका बाजूचे आधी पूर्ण सोडलेस, तर हेड वाकतं.

बॅरल निघाल्यावर पिस्टन आणि क्रँकला जोडणारी कनेक्टिंग रॉड बोटांत धरून वर-खाली ओढून बघ. डावी-उजवीकडे ती थोडी हलते, त्याला घाबरू नकोस, तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. वर-खाली मात्र खटखट जाणवता कामा नये. जाणवलीच, तर बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेअरिंग गेलं. त्या कामाला घरचा उपाय नाही, क्रँक प्रेसखाली जायला हवा. पैसे राखून ठेवायला सांगतो ते यासाठीच.

तुझं इंजिन टू-स्ट्रोक आहे, म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं न बघता बदलून टाक. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्यांचं रबर कडक होतं. तिथून बाहेरची हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टन पहिल्याच फेरीत जाम होतो. ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनचा आवाज चढाच राहिला, तर संशय आधी या सीलांवर घ्यायचा.

कार्बोरेटरला बहुधा पैसे लागणार नाहीत, सबुरी लागेल. वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात, बसलेला असतो, आणि स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. त्यात पिन किंवा पोलादी तार घालू नकोस. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, आणि मग इंजिन पेट्रोल का पितंय याचं कोडं सुटत नाही. क्लीनरमध्ये रात्रभर भिजव, हवेचा झोत मार, जेट उजेडाकडे धरून बघ. भोकाची कड गोल आणि चमकदार दिसली पाहिजे. काळी किनार राहिली असेल, तर पुन्हा भिजव.

टाकीच्या आतला गंज सायट्रिक ॲसिडने निघतो. एक लिटर कोमट पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, टाकी काठोकाठ भरायची आणि दिवसभर ठेवायची. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, गरम हवेने लगेच सुकवायची आणि त्याच क्षणी आत टू-स्ट्रोकचं तेल फिरवायचं. पंधरा मिनिटं उघडी राहिली तरी केशरी झाक पुन्हा चढते. गंज निघाल्यावर टाकी गळायला लागली, तर ॲसिडला दोष देऊ नकोस. भोक आधीपासूनच होतं, गंजाने ते बुजवलं होतं. गळकी टाकी घरी वेल्डिंगने जोडायचा विचारही मनात आणू नकोस. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात सांगतो. स्पार्क नाही म्हणून लगेच कॉइल बदलू नकोस. आधी पॉइंट (स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क) बारीक एमरी कागदाने साफ कर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लाव. बहुतेक जुन्या गाड्यांत ती 0.35 ते 0.40 मिलिमीटर असते. पॉइंटवर ठिणग्या उडत असतील, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदल. दिवे मिणमिणत असतील, तर अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून उघडा पत्रा काढ.

ब्रेक, टायर, केबल आणि चाकाची बेअरिंग यांत मात्र काटकसर करू नकोस. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असण्याची शक्यता असते, म्हणून ड्रम उघडल्यावर धूळ फुंकायची नाही, हवेने उडवायचीही नाही; ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून द्यायचं. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तिथे तीनच आकडे दिसले, तर तो टायर गेल्या शतकातला. नक्षी कितीही खोल असली तरी काढून टाक.

क्रोमचं म्हणशील, तर प्लेटिंगला टाकण्याआधी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासून बघ. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे न पडता वरचा गंज निघतो. आणि टाकीवरचा कंपनीचा रंग निम्मा जरी शाबूत असला, तरी मी तो ठेवेन. तुला नवा हवा असेल तर नवा दे, गाडी तुझी आहे. पण आधी ती चालू दे आणि थांबू दे.

बॅरल निघालं की मला बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या पोकळीची, मापं पाठव. वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी पुढून-मागे आणि आडवं, अशी सहा. मोजायचं गेज नसेल तर लेथवाल्याकडे जा. तोवर घरच्या घरी एक कर: पिस्टनची रिंग काढून नुसतीच बोअरमध्ये घाल, पिस्टनच्या डोक्याने सरळ ढकल आणि टोकांमधली फट फीलर गेजने मोज. 60 मिलिमीटरच्या बोअरला नव्या रिंगची फट साधारण पाव मिलिमीटर असते. तुझी किती भरते ते कळव. नुसत्या रिंगांवर भागेल की सिलिंडर आतून कापून मोठा करून ओव्हरसाइज (थोडा मोठा) पिस्टन घालायचा, ते मग ठरवू.

तुझा,
काका