मत मांडलं म्हणून अटक? अमेरिकेतल्या संशोधकांच्या घरच्यांचे प्रश्न

मार्च २०२५मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सुरी आणि टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणारी तुर्की विद्यार्थिनी रुमेसा ओझतुर्क यांना आठ दिवसांच्या अंतराने आइसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन पोलिसांच्या, लोकांनी रस्त्यावर पकडलं. दोघांवर कोणताही फौजदारी आरोप नव्हता. तेव्हापासून अमेरिकेत मुलंबाळं असलेल्या वाचकांची पत्रं थांबलेली नाहीत. त्यांतले वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. प्रत्येकाच्या कागदपत्रांनुसार उत्तर बदलतं, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी तिथल्या वकिलाशी बोलायलाच हवं.

प्रश्न : जावई अमेरिकेत एच-१बीवर सहायक प्राध्यापक आहेत. नागरिक नसलेल्याला तिथे बोलण्याचं स्वातंत्र्य आहे की नाही? असेल तर अटक होतेच कशी?

स्वातंत्र्य आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांची हद्दपारी १९४५मध्ये रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषण आणि मुद्रणस्वातंत्र्य आहे. मात्र सात वर्षांनी त्याच न्यायालयाने कम्युनिस्ट पक्षाच्या माजी सदस्यांची हद्दपारी कायम केली. आजही बचावाचे वकील १९४५चा निकाल पुढे करतात आणि सरकारी वकील १९५२चा.

कोलंबिया विद्यापीठातले महमूद खलील आणि सुरी यांच्यावर इमिग्रेशन कायद्याचं जे कलम लावलं गेलं ते २३७(ए)(४)(सी). एखाद्या परदेशी व्यक्तीच्या वास्तव्यामुळे अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर गंभीर विपरीत परिणाम होऊ शकतो, असं मानायला परराष्ट्रमंत्र्यांना सबळ कारण वाटलं तर तिला हद्दपार करता येतं. यात एक आडकाठी आहे. जे बोलणं किंवा ज्या संघटनेशी संबंध अमेरिकेत कायदेशीर आहेत, त्यांच्यावरून हे कलम सहसा लावता येत नाही. ते लावायचं तर परराष्ट्रमंत्र्यांनी स्वतः निर्णय घेऊन देशाच्या धोरणाचं अत्यंत महत्त्वाचं हित धोक्यात येतं असं नमूद करावं लागतं. खलील यांच्या बाबतीत परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो यांनी नेमकं हेच केलं, तेही जेमतेम दोन पानांच्या टिपणात. त्या टिपणामागे शिरून तपासणी करायचा अधिकार आपल्याला नाही, असं लुईझियानातल्या इमिग्रेशन जजने ११ एप्रिल २०२५ रोजी सांगितलं.

इथे बरेच जण गफलत करतात. इमिग्रेशन जज स्वतंत्र न्यायव्यवस्थेत बसत नाही, तो अमेरिकेच्या न्याय खात्याचा नोकर असतो. राज्यघटनेच्या मुद्द्यावर खरी सुनावणी फेडरल जिल्हा न्यायालयात होते. तिथे चित्र वेगळं होतं. अमेरिकी प्राध्यापकांच्या संघटनेने केलेल्या दाव्यात बोस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी ३० सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला की, कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी लोकांनाही बाकी सगळ्यांइतकंच अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे आणि सरकारने ते पायदळी तुडवलं.

तरीही निकाल वाचून निर्धास्त होऊ नका. ओझतुर्क ४५ दिवसांनी सुटली, सुरी ५८ दिवसांनी आणि खलील १०४ दिवसांनी. हक्क असूनही तो बजावेपर्यंत इतके दिवस आत काढावे लागले. म्हणून घरच्यांनी सगळं लक्ष पहिल्या दिवसावर द्यावं.

प्रश्न : मुलीला वकिलातीकडून ईमेल आला की, तिचा जे-१ व्हिसा रद्द केला आहे. म्हणजे ती आता बेकायदा झाली का?

लगेच नाही. व्हिसा दारातून आत येण्यासाठी असतो. राहण्याचा हक्क आय-९४ ही प्रवेशाची नोंद आणि संस्थेने दिलेलं डीएस-२०१९ हे प्रमाणपत्र यांच्यावर अवलंबून असतो (विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा असेल तर आय-२०वर). पण पूर्वी मिळणारा दिलासा आता राहिलेला नाही. २००४मध्ये कायदा बदलला आणि व्हिसा रद्द होणं हेच हद्दपारीचं स्वतंत्र कारण ठरलं. ओझतुर्कवर तेच लावलं गेलं, आणि व्हिसा रद्द झाल्याचं तिला अटकेआधी कळवलंही नव्हतं. तुमच्या मुलीला निदान ईमेल आला आहे. तो जपून ठेवायला सांगा.

तिने त्याच दिवशी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन आपली सेविस (परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या सरकारी यादीतली) नोंद चालू आहे का ते विचारावं आणि तिची छापील प्रत घ्यावी. एप्रिल २०२५मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी न सांगता बंद केल्या गेल्या होत्या. देशभर दावे पडल्यावर महिनाअखेरीस सरकारने त्या पुन्हा चालू केल्या. काम किंवा संशोधन घाबरून सोडू नये, कारण ते सोडलं तर स्टेटस आपोआप जातं आणि सरकारचं काम सोपं होतं. देशाबाहेर पडू नये, नव्या व्हिसाशिवाय परत येता येणार नाही. विद्यापीठाचा वकील कितीही गोड बोलला तरी त्याचं अशील विद्यापीठ आहे. मुलीचा वकील वेगळा हवा.

प्रश्न : मुलाला पकडलं असं रात्री कळलं तर आम्ही इथून नेमकं काय करायचं?

सर्वांत आधी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कोठडी बेकायदा आहे म्हणून सोडा असं न्यायालयाला सांगणारा अर्ज, आणि तोही त्याच रात्री. का, ते तीन उदाहरणांवरून कळेल.

नियम असा की, अर्ज दाखल होण्याच्या क्षणी माणूस ज्या जिल्ह्यात कोठडीत असेल तिथल्या न्यायालयात तो करावा लागतो. एकदा योग्य ठिकाणी अर्ज पडला की, नंतर सरकारने माणूस कुठेही हलवला तरी त्या न्यायालयाचा अधिकार जात नाही. खलील यांना ८ मार्चच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये पकडलं. वकिलाने पहाटे पावणेपाचच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अर्ज केला, पण तोवर त्यांना नदीपलीकडे न्यू जर्सीत नेलं होतं. खटला न्यू जर्सीत गेला आणि ते स्वतः लुईझियानात. ओझतुर्कला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये पकडलं. रात्री दहाच्या सुमारास तिथे अर्ज झाला तेव्हा ती व्हरमाँटमध्ये पोहोचली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिला विमानाने लुईझियानात नेलं. अर्ज रात्रीच झाल्यामुळे खटला व्हरमाँटला गेला. एक दिवस उशीर झाला असता तर तो लुईझियानात, न्यू ऑर्लिन्सच्या फिफ्थ सर्किटखाली गेला असता, आणि इमिग्रेशनच्या प्रकरणांत सरकारला ते अपील न्यायालय मानवतं. सुरी यांचा अर्ज व्हर्जिनियात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडला. तोवर ते लुईझियानात होते. तरी न्यायाधीश पॅट्रिशिया जाइल्स यांनी खटला आपल्याकडेच ठेवला, कारण त्यांना कुठे नेलं हे सरकारने वकिलाला कळूच दिलं नव्हतं. अशा सवलतीच्या भरवशावर राहू नये.

म्हणून वकील आधीच ठरलेला हवा, आणि इथे आणखी एक खाचखळगा आहे. इमिग्रेशनचे बरेचसे वकील फेडरल न्यायालयात उभेच राहत नाहीत. ‘रात्री अकरा वाजता हेबियसचा अर्ज तुम्ही स्वतः दाखल कराल का, नसेल तर कोण करेल?’ असा सरळ प्रश्न विचारावा आणि नाव-नंबर लिहून घ्यावा. मुलाने जी-२८ हे वकीलपत्र आगाऊ सही करून त्यांच्याकडे ठेवावं, नाहीतर वकिलाशी बोलायलाही आइस नकार देतं.

अमेरिकेतल्या एका विश्वासू माणसाकडे एक फाइल हवी. तिच्यात पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, आय-९४, डीएस-२०१९, आय-२० किंवा आय-७९७ (एच-१बीसारख्या अर्जाच्या मंजुरीची नोटीस), जन्मतारीख, जन्मगाव, औषधांची मूळ नावं आणि मात्रा, डॉक्टरचं पत्र. ओझतुर्कला कोठडीत दम्याचे झटके आले होते, तेव्हा औषधांचा कागद किरकोळ समजू नका. भाडं, बँक, गाडी यांसाठी मुखत्यारपत्रही करून ठेवावं. फोन काढून घेतात, त्यामुळे दोन नंबर तोंडपाठ हवेत, आणि त्यांतला एक तरी अमेरिकेतला. आतून बाहेर फोन करता येतो, बाहेरून आत लावता येत नाही.

माणूस कुठे आहे ते आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर शोधतात. नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याचा नोंदणी क्रमांक) असेल तर काम सोपं. ओपीटीचं (शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचं) कार्ड किंवा ग्रीन कार्ड असेल तर तो त्यावर असतो, पण जे-१वाल्यांकडे बहुधा नसतो. मग नाव आणि जन्मदेश टाकावा लागतो. नाव तंतोतंत जुळलं नाही तर काहीच सापडत नाही, आणि मराठी नावांची इथेच पंचाईत होते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. दोन्ही नावं मिळून, फक्त पहिलं, जोडून, तोडून असं सगळं करून पाहावं. जन्मदेश म्हणजे जन्माचा देश, नागरिकत्वाचा नव्हे. मूल दुबईत जन्मलं असेल तर तिथलाच देश निवडायचा. एका केंद्रातून दुसऱ्याकडे नेत असताना नाव यादीतून गायबही होतं. तेव्हा लोकेटरवर दिसेपर्यंत थांबायचं नाही. वकिलाने आइसच्या स्थानिक कार्यालयाला आणि सरकारी वकिलाला थेट विचारायचं.

प्रश्न : जामीन मिळत नाही का? पैशांची तयारी करून ठेवली आहे.

व्हिसावर रीतसर आलेल्याला इमिग्रेशन जजकडे बॉण्ड मागता येतो. किमान रक्कम १,५०० डॉलर, कमाल मर्यादा नाही. पण आरोप २३७(ए)(४)खालचा असेल तर नियमानुसार जजला जामिनाचा अधिकारच उरत नाही. हे कलम आपल्याला चुकीचं लावलं एवढाच युक्तिवाद त्याच्यापुढे करता येतो. ओझतुर्कवर ते कलम नव्हतं, तरी तिचा बॉण्ड जजने नाकारला. बॉण्ड मंजूर झाला तरी सरकार अपील करून त्याला आपोआप स्थगिती मिळवू शकतं. म्हणूनच ओझतुर्क, सुरी, खलील आणि व्हरमाँटमध्ये नागरिकत्वाच्या मुलाखतीलाच पकडलेले मोहसेन महदावी हे चौघेही सुटले ते फेडरल न्यायालयाच्या आदेशाने.

तो रस्ताही सगळीकडे सारखा मोकळा नाही. जानेवारी २०२६मध्ये फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किटने दोन विरुद्ध एक मताने ठरवलं की, खलील यांचे अटकेवरचे आणि हद्दपारीवरचे आक्षेप जिल्हा न्यायालयाने ऐकायचे नव्हते, आधी इमिग्रेशनची सगळी प्रक्रिया संपवायला हवी होती. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया किंवा डेलावेअरमध्ये मूल असेल तर वकिलाशी या निकालाबद्दल आधीच बोला. बॉण्डसाठी ठेवलेले पैसे बहुधा वकिलालाच लागतील, कारण इमिग्रेशन खटल्यात सरकार फुकट वकील देत नाही.

प्रश्न : भारतीय दूतावास आपोआप मदतीला येतो ना?

नाही. काही देशांच्या नागरिकांना पकडलं की, त्यांच्या दूतावासाला कळवणं अमेरिकेला बंधनकारक आहे. त्या यादीत भारत नाही. मुलाने स्वतः ‘माझ्या वाणिज्य दूतावासाला कळवा’ असं सांगावं लागतं. व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाने तो हक्क त्याला आहे. तुम्ही इकडून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. मूल शिकत होतं बोस्टनला, पण ठेवलं लुईझियानात, तर विषय ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासाचा होतो. दूतावास भेट घेऊ शकतो, तब्येतीची विचारणा करू शकतो, न्यायालयात उभा राहू शकत नाही.

प्रश्न : आत असताना सही करायला कागद दिले तर?

वकिलाला दाखवल्याशिवाय एकही नाही. स्वेच्छेने देश सोडण्याचा किंवा हद्दपारी मान्य असल्याचा कागद त्या गठ्ठ्यात असू शकतो, आणि तो थकलेल्या माणसापुढे मुद्दाम रात्री येऊ शकतो. ‘नोटीस टु अपिअर’ या आरोपपत्राची प्रत मात्र मागून घ्यावी. त्यावर कोणतं कलम लिहिलं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

घराच्या दाराशी आले तर वॉरंटवर न्यायाधीशाची सही आहे का ते बघावं. आय-२०० हे आइसचंच वॉरंट असतं. त्याच्या जोरावर रस्त्यात पकडता येतं, परवानगीशिवाय घरात शिरता येत नाही. कोलंबियातल्या भारतीय पीएचडी विद्यार्थिनी रंजनी श्रीनिवासन यांच्या घरी अधिकारी आले तेव्हा दार उघडलं गेलं नाही, आणि त्या पुढे स्वतःहून कॅनडाला गेल्या.

प्रश्न : सुनेने फेसबुकवर बरंच लिहिलं आहे. व्हिसा नूतनीकरणाला तिला भारतात यायचंय. पोस्ट काढून टाकू का?

जून २०२५पासून एफ, एम आणि जे या विद्यार्थी-संशोधकांच्या व्हिसांच्या अर्जदारांना, आणि १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी व एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या) अर्जदारांनाही समाजमाध्यमांची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली सगळी खाती लिहावी लागतात. पोस्टपेक्षा लपवलेलं खातं जास्त महागात पडतं. खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं सिद्ध झालं तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असते, आणि ती मताबद्दल नसल्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचावही चालत नाही. लिहिलेलं काढायचं की ठेवायचं, हे सुनेने वकिलाला विचारून ठरवावं. प्रकरण आधीच चालू असेल तर काहीही पुसू नये.

खरं तर यायचंच का, हा आधीचा प्रश्न आहे. आत राहणाऱ्याला जे संरक्षण आहे ते सीमेवर उभ्या असलेल्याला नाही. बेल्जियन अर्थतज्ज्ञ अर्नेस्ट मँडेल यांना व्हिसा नाकारला तेव्हा १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि तो आजही लागू आहे. विमानतळावर चौकशीला घेतलं तर वकील मिळत नाही आणि फोन तपासता येतो. तिथे ‘प्रवेशाचा अर्ज मागे घेतो’ म्हणून परत फिरणं आणि तातडीच्या हद्दपारीचा आदेश घेणं यात पाच वर्षांच्या बंदीचा फरक पडतो. पहिला पर्याय मागता येतो, पण द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे.