वकील नसलेल्या माणसाला नागरी हक्क संघटनेत काम काय?

तुम्ही विचारलंय, मुंबईतल्या नागरी हक्क संघटना नेमकं करतात काय आणि वकील नसलेल्याने तिथे जाऊन करायचं काय. वकील लागतात ते शेवटी. आधी लागतो तो वही घेऊन वस्तीत चार तास बसू शकणारा माणूस. मी बँकेत कारकून होते, कायद्याशी संबंध शून्य, आणि नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं हेच केलं.

पुष्कळांना वाटतं, हे सगळं आणीबाणीनंतर सुरू झालं. नेहरूंच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्याची देशपातळीवरची संघटना १९३६ साली मुंबईतच स्थापन झाली होती. रवींद्रनाथ टागोर अध्यक्ष, सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष. पुढे चालवणारेच सत्तेत गेले आणि ती विझली. मग १९७६ला जयप्रकाशांची पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज), आणीबाणी उठल्यावर इथली सीपीडीआर (कमिटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ डेमोक्रॅटिक राइट्स), नंतर लोकशाही हक्क संघटना. १९८१ साली अंतुले सरकारने भर पावसात फुटपाथवरच्या लोकांना हुसकायला घेतलं, तेव्हा सुप्रीम कोर्टात गेलेल्या अर्जदारांत कामराज नगरचे आणि माहीमच्या तुळशी पाइप रोडचे रहिवासी होते, आणि त्यांच्याबरोबर पीयूसीएल आणि सीपीडीआरही. १९८५चा निकाल सगळे कौतुकाने सांगतात, की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो. त्याच निकालाने पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला परवानगी दिली, ते कोणी सांगत नाही.

आता आमची गोष्ट. पूर्व उपनगरातली एक वस्ती, तोडक कारवाई होऊन दोन दिवस झालेले. संघटनेने पाहणीला मला पाठवलं कारण बायका पुरुषांशी बोलेनात. एका आजींनी पत्र्याच्या पेटीतून भिजलेला फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाला सरकारकडून मिळालेलं ओळखपत्र, काढून दाखवला. मग एकेकीने आपापले आणले. मी नंबर उतरवत गेले, शाई फुटलेली असेल तिथे तसं लिहिलं. संध्याकाळी एक जण हळूच म्हणाली, "ताई, आमच्या पोरांनी पण दगड मारले बरं का, जेसीबी आला तेव्हा." तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला गेले. तिथले साहेब म्हणाले, त्या वस्तीत एकाकडेही फोटोपास नव्हता. मी त्यांचं वाक्य त्यांच्यासमोर वाचून दाखवलं आणि बरोबर लिहिलंय ना, ते विचारून घेतलं.

या पाहणीचा अहवाल लिहायच्या बैठकीत रण पेटलं. आमच्यातले एक ज्येष्ठ, सगळे त्यांना सर म्हणायचो, म्हणाले की दगडांचं वाक्य काढा. "उद्या पोलीस याच कागदावरून पोरं उचलतील. आणि वॉर्ड ऑफिसची बाजू मांडायला त्यांच्याकडे वकील आहेत, आपण कशाला?" मी म्हटलं, दगड पोलिसांच्या डायरीत आधीच आहेत. आपल्या कागदावर ते नसतील, तर फोटोपासचे नंबरही खोटेच वाटणार. रात्री अकरापर्यंत वाद. शेवटी हात वर झाले आणि वाक्य राहिलं. सर त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलले. फोटोपासवाल्यांपैकी काहींना पुढे फार उशिराने पर्यायी जागा मिळाली, बाकीच्यांना नाही. दगडांवरून त्या कागदाच्या आधारे कोणालाही उचललं नाही.

अहवालांनी काय होतं, असं नाक मुरडणाऱ्यांनी घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर आठवावं. ११ जुलै १९९७ला राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. सरकारी कथा अशी, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. टँकर होते कुठे आणि गोळ्या झाडल्या कुठे, या साध्या अंतरावर ती कथा अडली. चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने ती मानली नाही आणि २००९ साली पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयात जन्मठेप झाली. अंतर मोजायला एलएलबी लागत नाही. पावलांनी मोजा, पण त्याच आठवड्यात मोजा, खुणा पुसायच्या आत.

बाकी, लिहा सगळं, पण कोणी ओळखू येईल असं नाव, वय, खोली नंबर छापू नका. एवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. सरकारी नोकरीत असाल तर सेवाशर्ती आधी वाचा. घरी पोलीस चौकशीला येऊ शकतात, घरच्यांना सांगून ठेवा. पैसे मिळत नाहीत, उलट झेरॉक्सचे आपलेच जातात.

आणि गेलात, तर वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस ठाण्यात जायचं काम मागून घ्या. वस्तीत जायला सगळे तयार असतात, तिकडे जायला कोणी नसतं.