पणजोबांवर लेख लिहिण्याआधी

पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले, त्यांच्यावर विकिपीडियात लेख व्हावा, ही तुमची ओढ मला समजते. फक्त लिहायला बसण्याआधी एक शोध घ्या: घराबाहेरच्या कुणी त्यांच्याविषयी ओळीभर उल्लेखापलीकडे काही लिहून छापलं आहे का?

नाईक यशवंत घाडगे यांचं बघा. रायगडमधल्या माणगाव भागातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ ला इटलीत बरोबरचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा एकटा मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला. ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पराक्रमाचा तपशील लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, छापून आला. असा आधार असला की लेख उभा राहतो.

तुमच्याकडे पदक आहे, त्याच्या कडेवर कोरलेला नंबर आहे, आजीच्या आठवणी आहेत. माझ्या लेखी हे सोनं आहे, पण स्वतंत्र लेखाला पुरत नाही. इंडिया गेटवर १३ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत. बहुतेकांबद्दल त्यापुढे एक वाक्यही छापलेलं सापडत नाही.

मग गावाच्या लेखाकडे वळा. आपल्याकडे कित्येक गावांत संगमरवरी पाटी असते: महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. नुसते आकडे, नावं नाहीत. तुमच्या गावात असेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं नीट उठतात. आणि आजीचा आवाज याच सुट्टीत रेकॉर्ड करा.