ओळींचा हिशेब आजच थांबव

नागपूर

प्रिय,

परसोडीच्या आयटी पार्कात रुजू होऊन महिना झाला नाही, तोच तुझ्या वहीत आठवड्याला किती ओळी कोड लिहिला याची नोंद सुरू झाली. ती बंद कर. त्या आकड्यानं तुझी दिशा चुकेल, याची मला काळजी वाटते.

समज, कळमन्याच्या संत्रा अडत्याचं बिलाचं सॉफ्टवेअर आहे. हमाली 40.40, तोलाई 30.40, भराई 20.40 रुपये. बिल छापणारा कोड आधी बेरीज करतो, मग जवळच्या रुपयात आणतो: 91. खातेवहीचा कोड प्रत्येक रक्कम आधीच रुपयात आणतो: 90. तीस ओळींचा हिशेब तीन फाइलींत कॉपी-पेस्ट झाला आणि पुढे एकाच ठिकाणी दुरुस्त झाला, की असं होतं. मोजणीत मात्र 90 ओळींचं काम दिसतं! आंबिया बहाराच्या गर्दीत तो एक रुपया शोधताना अख्खा दिवस जातो. हिशेब एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या एकाच तुकड्यात, आण. रक्कम पैशांत साठव, 40.40 ऐवजी 4040; दशांशाच्या बेरजेत संगणक बारीक चुका करतो. रुपयात आणायचं ते शेवटी, एकदाच.

ओळी घटतील, घटू देत. 1982 मध्ये ॲपलच्या लिसा संगणकावर काम करणाऱ्या बिल ॲटकिन्सन यांनी साप्ताहिक तक्त्यात उणे 2000 ओळी भरल्या होत्या. नवा कोड आखूड होता आणि सुमारे सहापट वेगवानही.

पण आखूड म्हणजे चांगला, असंही धरू नकोस. चार अटी एका ओळीत कोंबल्या तरी कोड चालण्याच्या वाटा पाचच राहतात, फक्त डीबगरला, म्हणजे चूक शोधायला कोड ओळीओळीनं चालवणाऱ्या साधनाला, मध्येच थांबता येत नाही. संगणकतज्ज्ञ थॉमस मॅकेब यांची 1976 ची मोजणी या वाटाच मोजते: अटींची संख्या अधिक एक. दहाच्या वर गेलं की फंक्शन फोड.

तुला मोजायचंच असेल तर हे मोज: तोलाईचा दर बदलायला किती फाइली उघडाव्या लागतात? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात प्रत्येक दुरुस्तीला तीच फाइल दिसत असेल, तर दुखणं तिथंच आहे. तिला आधी चाचण्या लाव, मगच हात घाल. पहिली चाचणी 4040, 3040 आणि 2040 या रकमांची, उत्तर 91. खातेवहीच्या कोडवर ती आज नापास होईल. ती पास झाली की पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुझा बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठव.