तू मला मावशी का म्हणायचीस

पिल्लू,

परवा रात्री तू जुने व्हिडिओ बघत बसली होतीस, त्यातल्या एकात तू दोन वर्षांची, हातात चमचा धरून मला हाका मारतेयस, "मावशी, ए मावशी". तू एकदम गप्प झालीस आणि मग विचारलंस की आई, आपल्यात आईला मावशी म्हणतात का, मराठी शाळेत तर बाईंनी सांगितलं की मावशी म्हणजे आईची बहीण. मी "अगं लहान होतीस तू" असं काहीतरी बोलून तुला झोपायला पाठवलं आणि नंतर मलाच बरं वाटलं नाही, कारण ते काही उत्तर नव्हतं. म्हणून लिहायला बसलेय. जमेल तेवढं वाच, अडलं की विचार.

तू भारतातून आमच्याकडे आलीस तेव्हा एक वर्ष अकरा महिन्यांची होतीस हे तुला माहितीये. त्याआधी तू ज्या संस्थेत होतीस तिथे तुम्हा सगळ्या पिल्लांचं करणाऱ्या ज्या बायका होत्या त्यांना सगळे मावशीच म्हणायचे. आणि हे तिथलंच असं नाही, आपल्याकडे बालवाडीत, पाळणाघरात, दवाखान्यात, जिथे जिथे कोणी बाई मुलांचं सगळं बघते ती मावशी, नात्यातली असायलाच पाहिजे असं नाही. तर तुझ्या डोक्यात त्या शब्दाचा अर्थ अगदी पक्का होता, जी भरवते, न्हाऊ घालते, शी धुते, थोपटते ती मावशी. मग ते सगळं मी करायला लागले तर मी कोण? मावशीच की. तुझं काहीच चुकत नव्हतं, तुझ्याकडे जो सगळ्यात मोठा शब्द होता तो तू मला दिलास.

पण मला हे तेव्हा कळलं नाही. खरं सांगते, फार लागायचं मनाला. इतकी वर्षं वाट बघितलेली, कागदांवर कागद केलेले, आणि मी तुला मांडीवर घेऊन स्वतःकडे बोट दाखवून "आई, आई" म्हणायचे आणि तू माझ्या बोटाकडे बघून गोड हसून म्हणायचीस "मावशी". बाबाला तर तू दोन महिने काहीच म्हणत नव्हतीस, पुरुष माणूस तू जवळून फारसा बघितलाच नव्हतास, दाढीला घाबरायचीस. तो कामावरून आला की हॉलमध्ये जमिनीवर पालथा पडून राहायचा, तू आपणहून जवळ यावंस म्हणून. एक दिवस तू जाऊन त्याच्या कानात बोट घातलंस. तो हललासुद्धा नाही, श्वास रोखून पडून राहिला.

रात्रीचं मात्र तुला नीट सांगायलाच हवं. सुरुवातीला तू रात्री उठायचीस आणि रडायचीस नाही. मी कूस बदलली की दिसायचं, तू अंधारात उठून बसलीयेस, डोळे टक्क उघडे, मुठीत संध्याकाळचं बिस्कीट अजून धरलेलं, आणि तोंडातून आवाज नाही. लोक म्हणायचे किती गुणी पोर, त्रासच देत नाही. डॉक्टरांनी समजावलं की खूप मुलं आणि मोजकी माणसं असतात तिथे रात्री रडून लगेच कोणी येईलच असं नसतं, मग मूल रडणं सोडून देतं. हे ऐकल्यावर मी कितीतरी रात्री तुझ्या कॉटला हात लावून झोपले. आणि चौथ्या महिन्यात कधीतरी, पहाटे असेल, तू जोरात रडलीस आणि ओरडलीस "मावशीऽऽ". बाबा आणि मी दोघं धडपडत उठलो, मी तुला उचललं आणि तू माझ्या गळ्याला मिठी मारून आणखी रडलीस आणि मीपण रडले, कारण तुला आता वाटत होतं की हाक मारली की कोणीतरी येतं. ती हाक मला होती की तिकडच्या मावशीला, मला आजही माहीत नाही. मी गेले एवढं खरं.

त्याच सुमारास आमच्याकडे सोशल वर्कर यायची. एका देशातून दुसऱ्या देशात मूल दत्तक जातं तेव्हा त्याचे नियम असतात, १९९३ मध्ये हेगला त्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतही त्यात आहे. मूल नव्या घरी आल्यावर दोन वर्षं त्याचे रिपोर्ट भारतातल्या कारा या दत्तक प्राधिकरणाकडे जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. मूल कसं आहे, वाढतंय ना, रुळलं का, हे सगळं त्यात. मला ते कधी जाच वाटलं नाही, तुझी चौकशी करणारं कोणीतरी तिकडे आहे हे चांगलंच होतं. पण एका भेटीनंतर ती बाई काळजीने म्हणाली की मुलगी तुम्हाला आंटी म्हणते असं मी लिहिणार आहे. मी एक तास बसून तिला सांगत होते की अहो मावशी म्हणजे आंटी नाही हो, आंटी रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला म्हणतात, आमच्यात म्हण आहे, माय मरो पण मावशी उरो. म्हणीचा अर्थ ऐकून ती आधी घाबरलीच. मग मी सांगितलं की आई गेली तरी लेकरावर तितकीच माया करणारी जी, ती मावशी, तिचा इतका भरवसा. तिने ते लिहून घेतलं.

आणि ही म्हण मला आठवली ती आजीमुळे. आजी तेव्हा आमच्याकडे आलेली. तिला आम्ही सांगितलं होतं की पहिले काही महिने हिला भरवणं, उचलणं, झोपवणं फक्त आम्ही दोघांनीच करायचं, म्हणजे आपली माणसं कोण ते हिला उमगेल. आपल्याकडे नवीन मूल घरात आलं की या हातातून त्या हातात फिरतं, त्यामुळे आजीला ते फार जड गेलं, पण तिने ऐकलं, तुझ्याशेजारी नुसती बसून राहायची, गाणी म्हणायची. एकदा मी रडत बसले तर हीच म्हण ऐकवून म्हणाली, म्हणू दे की मावशी, मी माझ्या आईला जन्मभर वहिनी म्हटलं. खरंच गं, तिच्या घरात काका-आत्या सगळे तिच्या आईला वहिनी म्हणायचे तेच ऐकून मुलांनीही उचललं. आपल्या कितीतरी घरांत असं होतं, कोणी आईला माई म्हणे, कोणी काकू, कोणी अक्का, वडिलांना अण्णा, दादा, नाना. म्हणून ती आई कमी होती असं कुणाच्या मनातही आलं नाही. हे तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर.

जोतीराव फुल्यांचं तुम्हाला शाळेत सांगितलंय ना? ते अगदी तान्हे असताना त्यांची आई गेली, त्यांना सगुणाबाई क्षीरसागर यांनी वाढवलं आणि जोतीराव सगुणाबाईंना आऊ म्हणत. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं, तो डॉक्टर झाला. मला हे आधीपासून माहीत होतं पण तुझ्यानंतर वेगळं समजलं.

तू आई कधी म्हणालीस? त्याचा व्हिडिओ नाहीये, आणि मला म्हणालीच नाहीस. आठवा महिना असेल, आजी परत गेली होती, तिचा फोन आला आणि तू उचललास. मी बाथरूममध्ये होते. दाराबाहेर तुझा आवाज आला, "आई आंघोळीला गेली". मी नळ बंद करून तशीच उभी राहिले.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून राहिली. तुला आमच्याकडे दिलं त्या दिवशीचा एक फोटो आहे, त्यात तू कोणाच्या तरी कडेवर आहेस, त्या बाईंचा चेहरा फोटोत आलाच नाही, नुसता हात दिसतो, हिरव्या बांगड्या आणि तुझ्या पाठीवर पसरलेली बोटं. त्या गडबडीत मी त्यांचं नाव विचारलं नाही. सगळे मावशी म्हणत होते, मीही मावशीच म्हटलं. याचं मला अजून वाईट वाटतं. तुला आमच्याकडे येईपर्यंत चालायला, हाताने जेवायला, मराठी बोलायला त्यांनीच शिकवलं.

तुमच्या शाळेत आता वंशवेल काढून आणायला सांगितलीये ना, आणि मावशीच्या चौकटीत काय लिहू म्हणून तू अडलीयेस, कारण मला बहीण नाही. तो फोटो माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहे. रविवारी काढू. चिकटवायचा की नाही ते तू ठरव.

तुझी आई