नकाशावरचे तेरा किलोमीटर

प्रश्न : चार दिवसांत एका डोंगररांगेतली नऊ शिखरं सलग करायची आहेत. एकूण अंतर ५२ किलोमीटर, म्हणजे रोजचे १३. सपाटीवर आम्ही दिवसाला २५ सहज चालतो. बेत फारच सोपा होतोय का?

उत्तर : उलट, बहुतेक फसेल. धारेवर, म्हणजे शिखरांना जोडणाऱ्या अरुंद माथ्यावर, दिवस खातो तो चढ, आणि तो मोजताना एक चूक हमखास होते. सर्वांत उंच शिखरातून सुरुवातीची उंची वजा केली जाते आणि मधल्या खिंडी विसरल्या जातात. समजा, सुरुवात १६०० मीटरवर आहे. पहिलं शिखर २४००, खिंड २०५०, दुसरं शिखर २३८०, खिंड १९८०, तिसरं २४५० आणि मुक्काम २१०० मीटरवर. वजाबाकीने चढ ८५० मीटर निघतो. प्रत्यक्षात ८००, ३३० आणि ४७० मिळून तो १६०० मीटर आहे, जवळजवळ दुप्पट.

आता वेळ काढू. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांचा १८९२ सालचा ठोकताळा अजूनही कामाला येतो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. त्यानुसार १३ किलोमीटरचे २ तास ३६ मिनिटं, चढाचे २ तास ४० मिनिटं. तीव्र उताराला दर ३०० मीटरमागे १० मिनिटं धरतात, त्यामुळे ११०० मीटर उताराची ३७ मिनिटं. बेरीज सहा तासांच्या जरा आत येते. पण यात विश्रांती, खाणं, वाट शोधणं आणि पाठीवरची १५ किलोची सॅक धरलेली नाही. दीडपट करा, म्हणजे नऊ तास झाले. हा हिशेब गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याला लागू पडतो की नाही, ते आधी एखाद्या दिवसाच्या चढाईत भरलेली सॅक घेऊन तपासा. चारही दिवस असेच निघत असतील, तर दोन शिखरं आत्ताच, घरी बसूनच वगळा.

प्रश्न : मध्येच हवामान बिघडलं किंवा कुणी जायबंदी झालं, तर धारेवरून खाली कुठून उतरायचं?

उत्तर : हे निघण्यापूर्वी ठरवायचं असतं. प्रत्येक खिंडीपाशी नकाशावर खूण करा, तिथून कोणत्या बाजूला धड पायवाट उतरते ते पाहा आणि पहिल्या वस्तीपर्यंतचे तास शेजारी लिहा. ज्या दोन खिंडींमध्ये अशी एकही वाट नाही, तो टप्पा सकाळीच उरकायचा, दुपारनंतर त्यात शिरायचं नाही.

जवळचा रस्ता म्हणून घळीत उतरण्याचा मोह होतो, तो टाळा. वरून घळ सोपी दिसते. दोनशे मीटर घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावरून, घसरत गेल्यावर कोरड्या धबधब्याचा कडा समोर येतो आणि तोच घसारा पुन्हा चढणं मुश्कील होतं. नकाशातही तो कडा दिसेलच असं नाही. समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक अशा असतील, तर १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो.

सोंडेवरून, म्हणजे धारेपासून खाली उतरत जाणाऱ्या डोंगराच्या फाट्यावरून, उतरतानाची गंमत वेगळीच. चढताना सोंडा एकमेकींना येऊन मिळतात, म्हणून चुकायला वाव कमी. उतरताना त्याच सोंडांना फाटे फुटतात. धुक्यात प्रत्येक फाट्यावर थांबून होकायंत्राने दिशा पाहिलीच पाहिजे, आणि ती दिशा घरीच लिहून नेलेली असावी.

विजेसाठी सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. लखलखाट आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर धार सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर यायचं नाही. एकट्या झाडाखाली किंवा कड्याच्या कपारीत आसरा घेऊ नका.

प्रश्न : पाणी किती न्यावं? शिखरांवर मिळतं का?

उत्तर : धारेवर पाणी नाही असंच धरून चाला. चालताना ताशी अर्धा लिटर, नऊ तासांचं साडेचार. मुक्कामाला स्वयंपाक आणि पिण्यासाठी दोन. म्हणजे साडेसहा लिटर, तेवढेच किलो पाठीवर. म्हणून मुक्काम खिंडीत टाकतात. तिथून झरा शंभर-दीडशे मीटर खाली असला तरी रिकाम्या सॅकने पाणी आणणं परवडतं, त्याचा तासभर वेळापत्रकात मात्र लिहा. नकाशावरची तुटक निळी रेषा म्हणजे हंगामी ओढा. तिच्या भरवशावर मुक्काम ठरवू नका.

पाणी खळखळ उकळल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळत ठेवा. पोकळ तंतूंचा फिल्टर नेत असाल तर गोठणाऱ्या रात्री तो उशाशी, स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. आतलं पाणी गोठलं की तंतू फाटतात. बाहेरून काहीच कळत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं, फक्त ते गाळलेलं नसतं.

प्रश्न : नवे बूट घेतलेत. तेच घालू?

उत्तर : निदान ५०-६० किलोमीटर भरलेल्या सॅकसह चालून झाले असतील तरच. उतारावर अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. म्हणून नखं दोन-तीन दिवस आधी कापा आणि उतार सुरू होण्यापूर्वी नाडी घोट्यापाशी पुन्हा आवळून टाच मागे बसवा. पायात कुठे चुरचुरलं की तिथल्या तिथे बूट काढून चिकटपट्टी लावा, पुढच्या थांब्याची वाट पाहू नका. तोवर फोड आलेला असतो.