तिखट पडायच्या आधी लेकरांचं काढून घ्या

ताई, तुमचा प्रश्न वाचला. घरी ३ आणि ६ वर्षांची दोन लेकरं, सकाळी शेतात जायची घाई, भाजी पाहिली की तोंड फिरवतात अन् बिस्किट नाहीतर नूडल्स मागतात, तर वीस-पंचवीस मिनिटांत होईल, पौष्टिक असेल अन् सासूबाईंसकट सगळ्या घराला चालेल असं काय करू, असं तुम्ही विचारलं. हे अगदी माझ्याच घरचं आहे म्हणून लिहून राहिलो. मी डॉक्टर वगैरे नाही. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडे आमची पाच एकर शेती, कापूस अन् तूर. बायको आशा वर्कर आहे, ती सकाळीच फिरतीवर निघते, म्हणून चार वर्षांपासून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. सुरुवातीला पारावरचे पोट्टे लय हसले, आता त्यांच्यातलाच एक जण उकडपेंडीत पाणी किती टाकायचं ते विचारून गेला. पोरगी ७ वर्षांची, पोरगा ४ चा, अन् माझी माय.

माझा पहिला गाढवपणा सांगतो. मोबाईलवर पाहून पाहून मी तालुक्यावरून ओट्सचं पाकीट आणलं, त्यात दूध, केळं, वरून काय काय टाकून मस्त सजवून ठेवलं. पोरानं एक चमचा तोंडात घेतला अन् जसाच्या तसा परत वाटीत सोडला. पोरगी म्हणे, "बाबा, हे भिंतीला लावाचं आहे का?" शेवटी बकरीसमोर ठेवलं, तिनं पण आधी हुंगून पाहिलं. त्या दिवसापासून लेकरांसाठी वेगळं काही करायचं मी सोडून दिलं. जे सगळ्यांसाठी शिजते तेच त्यांचं, फक्त कधी काढून घ्यायचं ते समजलं पाहिजे.

आपल्याकडे लेकरं जेवत नाहीत याची मला तर दोनच कारणं दिसली. एक म्हणजे आपलं जेवण त्यांच्यासाठी लय तिखट असते. भिवापुरी मिरचीला जीआय (म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी ओळख) मिळालं, अभिमान आहेच, पण चार वर्षांच्या जिभेला जीआय कळत नाही, तिला फक्त जाळ कळतो. आपण म्हणतो पोरगं पालक खात नाही. अहो पालक नाही, तो तिखट खात नाही, अन् मग त्या हिरव्या रंगालाच घाबरून जाते. दुसरं कारण म्हणजे भूक नसतेच. चार वाजता चहा-बिस्किट, पाचला दुकानातलं पाच रुपयाचं पाकीट, मग सातला ताट समोर ठेवून आपण ओरडतो की हा जेवत का नाही. त्याचं पोट केवढंसं, त्याच्या मुठीपेक्षा थोडं मोठं, ते तर भरलेलं आहे.

तर पहिलं काम, फोडणीची पद्धत बदला. वरण, पातळभाजी, डाळभाजी, काहीही असो, शिजवताना फक्त हळद, मीठ, जिरं, लसूण टाका, लेकरांच्या वाट्या काढून घ्या, मग छोट्या कढईत तेल, लाल तिखट, हिंग अशी झणझणीत फोडणी करून मोठ्यांच्या गंजात (पातेल्यात) ओता. आमच्या मायला तर्री दिसल्याशिवाय घास उतरत नाही, तिला तिची तर्री मिळते, लेकरांना त्यांचं मिळते, अन् गॅस जळतो तो एका फोडणीपुरता जास्त. सासूबाईंचा प्रश्न पण यातच सुटते कारण स्वयंपाक वेगळा झालाच नाही.

आता खरं सांगायचं तर आठवड्यातले चार दिवस आमच्याकडे उकडपेंडी असते, म्हणून तीच नीट सांगतो. दोन वाट्या जाडसर दळलेली कणिक घ्यायची, मी त्यात अर्धी ज्वारी मिसळतो. बारीक पीठ घेतलं तर चिकट गोळा होते, म्हणून चक्कीवर "जरा जाडं काढ" असं आधीच सांगून ठेवा. कढईत दोन पळ्या तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, बारीक कांदा, मूठभर शेंगदाण्याचं कूट, हळद, मीठ. मग पीठ टाकून मंद आचेवर भाजत राहा, सात-आठ मिनिटं, खमंग वास सुटला अन् पिठाचा रंग जरा गडद झाला की समजा झालं. इथं घाई केली तर कच्चट लागते, माझ्या हातून पहिल्या महिन्यात दोनदा तसं झालं अन् दोन्ही वेळा पोरीनं नुसतं कांदे वेचून खाल्ले. भाजलं की गरम पाण्यात थोडं आंबट ताक मिसळून थोडं थोडं शिंपडायचं, एकदम ओतायचं नाही. वाटीभर पिठाला अंदाजे वाटीभर, पिठावर अवलंबून आहे. झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ द्या, मोकळी झाली पाहिजे, उपम्यासारखी. लेकरांचं काढून त्यावर तूप अन् चिमूटभर साखर, अन् मोठ्यांच्या उरलेल्या कढईत हिरव्या मिरच्या तेलात तळून टाका. कांद्यासोबत किसलेलं गाजर किंवा बारीक चिरलेली मेथी टाकली तर चालते, पण पहिल्याच दिवशी टाकू नका, आधी साधी आवडू द्या.

मेथीच्या पानांवरून सांबाराचं एक आठवलं. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर हो, विदर्भाबाहेरचं कोणी वाचत असेल तर इडलीवालं समजू नका. मी एकदा मोठ्या हौसेनं खिचडीवर सांबार पेरला. पोरगा काही बोलला नाही. दोन बोटांनी एकेक पान उचललं, ताटाच्या काठाला चिकटवलं, एकाला एक लागून, सरळ, जसे आपण शेतात तास काढतो तसे. पूर्ण काठ हिरवा झाला तेव्हा मग जेवायला बसला. वीस मिनिटं त्यातच गेली. मला राग यायला पाहिजे होता पण लाईन एवढी सरळ होती की मी मायला बोलावून दाखवली. मग मी पालेभाजी वरून टाकणं बंद केलं अन् आतमध्ये शिजवणं सुरू केलं. पालक, चिवळ, शेवग्याचा पाला, जे असेल ते तुरीच्या डाळीसोबत कुकरमध्ये, चार शिट्ट्या, रवीनं घोटून टाकायचं. काठावर लावायला पानच राहत नाही.

कोहळं पण असंच. पुण्याकडचे लोक ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. मुगाच्या डाळीच्या खिचडीत त्याच्या फोडी टाकल्या की शिजून अशा विरघळतात की खिचडी फक्त पिवळी अन् गोडसर लागते. केशरी रंगाच्या भाजीत जे असते त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, अन् ते अंगी लागायला सोबत तेल-तूप लागते, म्हणून वरून तुपाची धार सोडायची, कंजूषी करू नका. खिचडीत तांदूळ अन् डाळ एकत्र असते, हे आपल्या बायामाणसांनी फार हुशारीनं केलेलं काम आहे, तांदळात प्रोटीनचा जो भाग कमी असते तो डाळीत असते अन् डाळीत कमी असते तो तांदळात, दोन्ही मिळून भागते.

सुट्टीच्या दिवशी गोळाभात. चण्याच्या डाळीचा भरडा, त्यात मीठ, हळद, जिरं, ओवा, तेलाचं मोहन, थोडं पाणी, घट्ट मळून लिंबापेक्षा लहान गोळे. इकडे भात टाकलेला असतो, त्यातलं पाणी आटत आलं की गोळे वर मांडायचे, झाकण, बारीक गॅस, दहा-बारा मिनिटं. गोळे बनवायचं काम मी लेकरांना देतो. हात धुवा अन् बसा. पोरगी एकसारखे बनवते, पोरगा एक आंब्याएवढा अन् एक वाटाण्याएवढा बनवते, अन् ताटात आपलाच गोळा शोधते. स्वतः बनवलेलं ते टाकत नाहीत, हे मी कितीतरी वेळा पाहिलं. मोठ्यांच्या भातावर लाल मिरचीचं तेल, लेकरांच्या भातावर साधं गरम तेल, मीठ अन् लिंबू. हां, गोळा आतून कच्चा राहिला तर पोट दुखते, एक फोडून पाहा.

बाकीचं पटकन सांगतो. ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन एक वाटी, त्यात दुधी किंवा गाजर किसून धिरडे, तव्यावर पातळ घाला, गुळासोबत द्या. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवून सकाळी कुकरमध्ये, मग ताक घालून किंवा दूध-गूळ घालून. शेतात डबा न्यायचा असेल तर दुधात गूळ विरघळवून कणिक भिजवा अन् दशम्या करा, संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, खराब होत नाहीत. उरलेल्या पोळ्या असल्या तर कुस्करा, त्यात मूग मोड आलेले उकडून टाका. अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं, याच्यापेक्षा सोपं काहीच नाही, सोलायचं काम पोरांना द्या. जवसाची चटणी लेकरांसाठी मिरचीशिवाय वेगळी कुटून ठेवा, जवस भाजून कुटलेलाच पाहिजे, अख्खा खाल्ला तर जसाच्या तसा बाहेर पडते. गरम भाकरीवर तूप अन् ही चटणी, आमचा पोरगा याला "काळी साखर" म्हणते, मी काही दुरुस्त करत नाही.

भुकेचं मात्र कडक करावं लागलं. आम्ही चार वाजताचा चहा बंद केला. एक तर चहानं भूक मरते, दुसरं म्हणजे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. २०२४ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) अन् हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं ज्या आहाराच्या सूचना काढल्या त्यात मोठ्यांना सुद्धा जेवणाच्या तासभर आधी अन् तासभर नंतर चहा-कॉफी टाळा असं सांगितलं आहे, मग लेकरांचं काय घेऊन बसलो. बायको हे घरोघरी सांगत फिरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ६ ते ५९ महिन्यांच्या लेकरांपैकी ६७ टक्के लेकरांमध्ये रक्त कमी निघालं, अन् तरी आपण त्यांच्या हातात चहाची बशी देतो. चहाच्या जागी आता संत्रं, जांब (पेरू), बोरं, टरबूज, जे ज्या महिन्यात मिळते ते, नाहीतर मुरमुऱ्यात कूट अन् गूळ. लिंबू किंवा संत्रं जेवणासोबत असलं तर डाळ-भाजीतलं लोह जास्त अंगी लागते म्हणून वरणावर लिंबू पिळतोच. एक गोष्ट लक्षात ठेवा, तुमचं लहान लेकरू ३ वर्षांचं आहे, त्याला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकते. आमच्या पोराला अडीच वर्षांचा असताना आठवडी बाजारात फुटाणा अडकला होता, पाठीवर थापा मारल्या तेव्हा निघाला, माझे हात अर्धा तास थरथरत होते. तेव्हापासून सगळ्याचं कूट.

पहिले दोन-तीन दिवस माझ्या मायनं खूप बोलून घेतलं. "लेकराले उपाशी ठेवतं का रे, दे ना एक बिस्किट." मी म्हटलं माय, ताट समोर आहे, खाईल तर खाईल, नाही तर ताट झाकून ठेवू, पण दुकानाकडे जायचं नाही. ओरडायचं नाही, भरवायला मागं पळायचं नाही, मोबाईल दाखवून घास कोंबायचा नाही. काय वाढायचं अन् कधी वाढायचं ते आपण ठरवू, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पोरगा स्वतः येऊन म्हणे, "आजी, वाढ." माय माझ्याकडे न पाहता उठली अन् वाढलं. तेव्हापासून तीच शेजारणींना हे सांगून राहिली, अन् जणू तिनंच शोधून काढलं असं सांगते.

एवढं करूनही लेकरू महिनाभर नीट जेवत नसेल, चिडचिड करत असेल, चेहरा पांढुरका दिसत असेल, माती खात असेल तर जेवणाचा दोष समजू नका, जंत असू शकतात किंवा रक्त कमी असू शकते. जंतनाशक गोळी फेब्रुवारी अन् ऑगस्टमध्ये अंगणवाडीत, शाळेत फुकट देतात, बुडवू नका. ५ वर्षांखालच्या लेकरांना लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली असते, तुमच्या गावच्या आशाताईला विचारा, तिच्याकडे असते. उपकेंद्रात वजन करून घ्या.

नवीन भाजी एकदा नाही खाल्ली म्हणून सोडून देऊ नका, दहा-बारा वेळा ताटात येऊ द्या, एक चमचाच, न बोलता. दोडका आमच्याकडे आठव्या-नवव्या वेळेस चालू झाला. वांग्याचं मात्र काही जमलं नाही. भरीत केलं, भाकरीत लपवलं, गूळ टाकून पाहिला, पोरगा जिभेच्या टोकानं ओळखते. माय म्हणते मी पण असाच होतो, मिसरूड फुटेपर्यंत वांगं खाल्लं नाही, त्यामुळं तिथं मी आता जोर लावत नाही, सगळ्यांना वांग्याची भाजी असते तेव्हा त्याच्या ताटात तेवढा एक चमचा ठेवतो अन् बाजूला वरण.